हाजराबीची जैतून

जैतून,

नंदुरबारला वर्तमानपत्र दुपारच्या गाडीने येते, तेही एक दिवस शिळे. चौथीच्या मुलींना पाढे लिहायला लावून मी टेबलाशी ते उघडले, आणि तू गेल्याचे मला तसे कळले. ‘नटी कमलप्रभा कालवश.’ खाली पाऊण रकाना मजकूर. पुण्याच्या विद्वान घराण्यात जन्म, लहानपणापासून ग्रंथांची गोडी, वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेले श्लोक. आणि रडताना खांद्यात तोंड लपवण्याची ती प्रसिद्ध लकब, जी म्हणे बाईंनी घरामागच्या बागेत पंखात चोच खुपसून बसणाऱ्या पारव्याकडे पाहून उचलली.

त्यातले एकही अक्षर खरे नाही, आणि एकही अक्षर त्या संपादकाचे नाही. सगळे माझे आहे. सात वर्षांपूर्वी एका मासिकासाठी तुझे चरित्र मी लिहिले, आणि तेव्हापासून जो तो तेच उतरवून घेतो आहे. मी तक्रार कोणाकडे करू?

आज बारा दिवस झाले. ज्या मासिकाने तो लेख छापला त्याच मासिकाकडे हे पाठवणार आहे. छापतील की नाही ठाऊक नाही. तू असताना सात वर्षे जे माझ्याकडे मागत होतीस ते मी आता लिहायला बसले आहे. तू असतीस तर तुझ्या बोलीत म्हणाली असतीस, गाडी गई आनि मास्तरीण टेसनवर उनी, म्हणजे आली.

तुझ्या वडिलांच्या मांडीवर तू बसली असशील, पण श्लोक ऐकायला नव्हे. ते रंगारी होते. साथीच्या तापात गेले, आणि हाजराबी, तुझी अम्मा, तुला घेऊन पथारीवर कामाला आली. पथारी म्हणजे गावाबाहेरची उघडी जमीन. तिच्यावर हिवाळाभर लाल मिरची वाळत पडते आणि बायका ओळीने बसून तिचे देठ खुडतात. पथारीकडे जाणारा रस्ता आमच्या ओट्यासमोरून जायचा. तू नऊ वर्षांची होतीस, मी अकरा. माझे वडील शाळेत मास्तर होते, म्हणून मला सगळे काही येते अशी माझी समजूत होती.

पहिल्या दिवशी तू आलीस ती ताक मागायला. दिवसभर देठ खुडून हातांची आग झाली होती. माझी आई तुझ्या ओंजळीत वरून ताक ओतायची. अंतर ठेवून ओतायची, हेही लिहिले पाहिजे. तुला त्याचे काही वाटल्याचे तू दाखवले नाहीस. पुष्कळ वर्षांनी नाटक कंपनीच्या बायकांपुढे तू माझ्या आईची नक्कल केलीस. एका हाताने पदर सावरून दुसऱ्या हाताने लोटी उंच धरणारी ती बाई इतकी हुबेहूब होती की सगळ्यांबरोबर मीही हसले, आणि मग माझ्याच हसण्याची मला लाज वाटली. तू मात्र पुढच्या नकलेकडे वळली होतीस.

मला मिळालेले पहिले पुस्तक मी तुला वाचायला दिले. चार दिवसांनी तू ते परत केलेस, आणि मी ते वाचता वाचता डोळा चोळला. पुस्तकाच्या पानांना तुझ्या बोटांची मिरची लागली होती. मी ओट्यावर गडबडा लोळले, आणि तू पोट धरून हसलीस. मग मला ओढत रांजणाकडे नेऊन तोंड धुवायला लावलेस आणि पथारीवरचा पहिला नियम सांगितलास, जो तुला अम्माने पहिल्याच दिवशी सांगितला होता: तोंडाला हात लावायचा नाही. घाम येवो, डोळ्यांत पाणी येवो, नाक वाहो, हात खाली. मी विचारले, मग पुसायचे कशाने? तू म्हणालीस,

“मग खांदा कसाले दियेल शे?”

आणि मान वळवून डोळे खांद्याला पुसून दाखवलेस. उजवा डोळा उजव्या खांद्याला, डावा डाव्या. पथारीवरच्या सगळ्या बायका तशाच पुसत. तुला ती रीत इतकी अंगवळणी पडली की सुट्टीच्या दिवशी, हात स्वच्छ असतानासुद्धा, तू तशीच पुसायचीस.

पारवा कुठेच नव्हता. आमच्या गल्लीत कावळे होते.

नकला तू तिथेच शिकलीस. दुपारी भाकरीची फडकी सोडून बसल्या की बायका म्हणायच्या, जैतून, शेठ कसा चालस ते दखाड. तू शेठजी व्हायचीस, मिरची हातात न घेताच तिचा भाव सांगणारे. तू दिवाणजी व्हायचीस. माझे वडील व्हायचीस, छडी शोधणारे, जी त्यांच्याच काखेत असायची. बायका पदरात तोंड खुपसून हसायच्या. अम्मा हसायची नाही. ती देठ खुडत राहायची. मला तेव्हा वाटे, हिला पोरीचे कौतुक नाही. आता वाटते, ती एकटीच नीट पाहत होती. बाकीच्या हसत होत्या.

तू तेरा वर्षांची असताना गावात नाटक कंपनी आली. स्टेशनाजवळ मांडव पडला, आणि अम्मा तुला घेऊन कंपनीच्या मुदपाकखान्यात मिरची पोचवायला गेली. तिथे तू आचाऱ्याची नक्कल त्याच्याच पाठीमागे केलीस, आणि मॅनेजरांनी ती खिडकीतून पाहिली. बायकांच्या कामांसाठी बायकाच घ्याव्यात असे नुकतेच काही कंपन्या म्हणू लागल्या होत्या. त्यांनी तुला एक वाक्य म्हणायला सांगितले. तू ते म्हटलेस, पण ‘आहे’च्या जागी ‘शे’ आले, ‘माझ्या’च्या जागी ‘मन्हा’ आले, आणि तालमीतले सगळे खो खो हसले. मॅनेजर म्हणाले, पोरगी चांगली आहे, जीभ मात्र बदलून आण.

तू थेट माझ्याकडे आलीस. “माले तुन्हासारखं बोलानं शिकाड.”

आठ दिवस मी तुला शिकवले. हातात फूटपट्टी घेतली. दर ‘शे’ला एक फटका, हलका, पण फटका. तुझे हात मिरचीने आधीच सोललेले होते, हे मला दिसत असूनही दिसत नव्हते. मी आयुष्यात प्रथमच शिक्षिका झाले होते, त्या धुंदीत होते. नवव्या दिवशी तू मॅनेजरांपुढे उभी राहून असे बोललीस की त्यांनी विचारले, मुली, तू कोणत्या गावची? मला केवढा अभिमान वाटला. आज वाटते, तुझे खोटे चरित्र मी तेव्हाच लिहायला घेतले होते.

कंपनी हलली त्या दिवशी स्टेशनवर तू, अम्मा आणि मी होतो. तुझे नाव तोवर कमलप्रभा ठरले होते. अम्माने तुझ्या बोचक्याची गाठ सोडून पुन्हा घट्ट बांधली, गाडी हलली तशी वळली आणि पथारीवर कामाला गेली. गावात लोक म्हणाले, एक तोंड कमी केले बाईने. मीही तसे काहीसे मानले असावे.

पहिली पाच वर्षे तू रंगभूमीवर कमी आणि कपड्यांच्या पेट्यांवर जास्त होतीस. शालू वाळत घालायचे, मुख्य नटाचा फेटा इस्त्री करायचा, सख्यांच्या घोळक्यात शेवटून दुसरे उभे राहायचे. एका गावी कंपनीचा मुक्काम कापसाच्या वखारीत होता, तेव्हा महिनाभर केसांतून सरकी निघत होती असे तू कळवलेस. तुझी पत्रे माझ्या पत्त्यावर यायची, आणि मी ती अम्माला वाचून दाखवायची. पण त्याआधी मी काय करायची, तेही सांगून टाकते. तुझ्या पत्रातल्या चुका तांबड्या शाईने सुधारून तीच पत्रे तुला परत पाठवायची. एकदा तुझे उत्तर आले, “लाल पत्र मिळाले. लांबूनही झोंबले. मास्तरीण, तू पथारीवर यायला हवी होतीस.” त्या पत्रात एकही चूक नव्हती. ते मी अजून ठेवले आहे.

मग धुळ्याचा तो खेळ. मोठ्या नटीचा घसा बसला आणि तिचे काम आयत्या वेळी तुला मिळाले. तू तार केलीस आणि मी मोटारीने धुळ्याला आले. तालीम मास्तरांनी तुला रडण्याची रीत शिकवली होती: दोन्ही हातांनी पदर डोळ्यांना लावायचा, बोटे अशी, मनगट असे. पुरुष नट बायकांची कामे करीत तेव्हापासूनची ती रीत. दुसऱ्या अंकात तू पदर उचललास, हात वर आले, आणि तोंडाशी येऊन थांबले. मी तिसऱ्या रांगेत होते. मला ठाऊक होते ते का थांबले. तुझे हात पाच वर्षे स्वच्छ होते, पण त्यांना ते ठाऊक नव्हते. क्षणभर वाटले, आता सगळे संपले. मग तू हात खाली सोडलेस, मान वळवलीस आणि खांद्याला डोळे पुसलेस. आधी उजवा, मग डावा.

थिएटर इतके शांत झाले की बाहेरचा टांगेवाला घोड्याशी बोलताना ऐकू आला. खेळानंतर लोक म्हणत होते, काय कल्पना आहे, हात बांधलेल्या दुःखाचा अभिनय आहे हा. वर्षभरात मुंबईपर्यंतच्या नट्या खांद्याला डोळे पुसू लागल्या. बरे, त्यांच्यापैकी कोणाच्याही हाताला कधी मिरची लागलेली नव्हती. त्या रात्री रंगपटात तू माझ्या कानाशी तोंड आणून विचारलेस, “कोनले समजनं का?” मी म्हटले, नाही. तू म्हणालीस, “अम्माले सांग.” मी सांगितले. अम्मा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. म्हणाली, एवढे शिकून पोरगी शेवटी पथारीवरच बसली.

हे सगळे माझ्याजवळ होते, जैतून. चरित्र लिहायला सांगितले तेव्हा हे सगळे माझ्याजवळ होते, आणि मी पारवा लिहिला.

मॅनेजरांनी सुचवले होते, ते खरे. प्रेक्षकांना घरंदाज कमलप्रभा हवी आहे, हाजराबीची जैतून चालणार नाही, असे त्यांचे पत्र होते. पण त्यांनी बाग सांगितली नव्हती, ग्रंथ सांगितले नव्हते, श्लोक सांगितले नव्हते. ते माझे. मला हवे असलेले बालपण मी तुझ्या नावावर लिहिले. माझे वडील मला मांडीवर कधी घेत नसत. आमच्याकडे पुस्तके सातच होती आणि घरामागे बाग नव्हती, उकिरडा होता. लेख लिहिताना मी फार आनंदात होते, हे कबूल करते.

अंक निघाला आणि पंधरा दिवसांनी तू आलीस. सुरतेला निघाली होतीस, दोन गाड्यांच्या मधले चार तास काढून नंदुरबारला उतरलीस. शाळा मधल्या सुट्टीत होती. अम्माकडे जाण्याआधी तू माझ्याकडे आलीस, अंक टेबलावर टाकलास आणि हसत विचारलेस,

“मास्तरीण, हाऊ पारवा कोठेन उना?”

मीही हसले. तू खुर्चीवर बसलीस, पाने मागे-पुढे केलीस, जणू मधले एखादे पान चिकटून राहिले असावे. मग हसू गेले.

“मन्ही अम्मा कोठे शे?”

मी समजावू लागले. लोक कसे असतात, तुझ्या कामावर परिणाम कसा होईल, मॅनेजर काय म्हणाले. तू ऐकून घेतलेस, आणि पुस्तकी मराठीत, मी शिकवलेल्या मराठीत म्हणालीस, “नाव बदलले ते मी बदलू दिले. आई बदलायला मी सांगितले नव्हते.” मग विचारलेस, अम्माने हे वाचून घेतले का. मी म्हटले, हो, मीच वाचून दाखवले. काय म्हणाली? मी म्हटले, तिला बरे वाटले.

“बरं वाटनं?” तू म्हणालीस. “अम्माले बरं वाटनं?”

मी मान डोलावली.

तू उरलेला वेळ माझ्याच वर्गात बसून काढलास. मुलींनी तुला ओळखले, तू त्यांना शेठजीची चाल करून दाखवलीस. मग गाडीची वेळ झाली आणि तू स्टेशनकडे गेलीस. अम्माच्या घरी गेली नाहीस. ती दुपारपासून दारात उभी होती. तू येणार हे तिला मीच सांगितले होते, आणि तिने तुझ्यासाठी खिचडा रांधला होता. संध्याकाळी मी तिला सांगितले, गाडी चुकली असती, म्हणून गेली. मिरचीचा पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत अम्मा गेली. तू तिच्या कबरीवर आलीस, तिच्यापर्यंत आली नाहीस.

त्यानंतर सात वर्षे आपले एकच भांडण चालू राहिले. तू प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायचीस, खरे चरित्र कधी लिहितेस? मी लिहायची, परीक्षा झाल्या की. दिवाळी झाली की. तब्येत सुधारली की. तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तरच दिले नाही. तुला वाटले असेल, मास्तरीण घाबरते, किंवा आपल्या खोट्यावर तिचे प्रेम आहे. दोन्ही थोडे थोडे खरे. पण खरे चरित्र लिहायचे तर त्यात एक दुपार लिहावी लागली असती, जी मी तुला कधी सांगितली नाही. मला भीती होती की ती ऐकल्यावर तू मला क्षमा करशील, आणि ती मला सोसणार नाही.

तू आलीस त्याच्या आठ दिवस आधीची ती दुपार. अम्मा तो अंक ओढणीत गुंडाळून माझ्याकडे आली. त्यात तुझा फोटो आहे हे तिला कोणीतरी सांगितले होते. ओट्याच्या पायरीवर बसून म्हणाली, पढ. मी अंक उघडला, पुण्याच्या विद्वान घराण्यावर माझी नजर पडली, आणि समोर हाजराबी बसलेली. माझ्याने वाचवले नाही. मी छापलेल्या ओळींवर बोट फिरवत मनाचेच वाचू लागले. जैतून ही नंदुरबारच्या हाजराबीची मुलगी. हाजराबी पथारीवर देठ खुडते. नवरा गेल्यावर तिने एकटीने मुलीला वाढवले. मुलीच्या अंगी कला आहे हे तिने सर्वांआधी ओळखले, आणि मोठ्या खुशीने तिला कंपनीत पाठवले.

अम्मा डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, फिर से पढ. मी पुन्हा वाचले. पण मी मनाने रचलेले शब्द दुसऱ्या वेळी तसेच कुठून येणार? काही मागे-पुढे झाले, काही सुटले. तिला अक्षर येत नव्हते, पण एकदा ऐकलेले ती विसरत नसे.

“पहिले ऐसा नहीं पढी थी तू,” ती म्हणाली.

तिने अंक माझ्या हातातून घेतला, उलटा-सुलटा पाहिला, तुझ्या फोटोवर हात ठेवला.

“मेरा नाम है क्या इसमें?”

मी म्हटले, नाही.

ती म्हणाली, ठीक आहे, पोरीला काम मिळते ना, मग जे छापले ते चांगलेच छापले. आणि मला बजावले की आपल्याला हे कळल्याचे पोरीला सांगू नको. विचारलेच तर सांग, अम्माला बरे वाटले. तिचा शब्द मी पाळला, जैतून. तुझ्यासमोर पाळला. तो पाळला म्हणून तू तिच्या दारापर्यंत गेली नाहीस. तुला वाटले, आपण तिला पुसून टाकले आणि तिला त्याचे काही नाही. तसे नव्हते.

कारण अम्मा उठली नाही. अंक ओढणीत गुंडाळून झाला, गाठ मारून झाली, तरी ती पायरीवर बसून राहिली. मग मला म्हणाली, ते जे तू मनाने वाचलेस, ते पुन्हा एकदा म्हण. पुस्तक नको, नुसते म्हण. मी तिसऱ्यांदा म्हटले, शब्द न शब्द पहिल्यासारखा जुळवत. ती ऐकत होती, प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. शेवटी मात्र तिने हात वर केला.

“ये गलत है. मैं खुशी से नहीं भेजी. मैं उसको मारी थी. बहुत मारी. फिर भेजी.” आणि उठता उठता, “कभी लिखेगी, तो सुधार के लिख.”

सुधारून लिहिते. जैतून ही नंदुरबारच्या हाजराबीची मुलगी. हाजराबी पथारीवर देठ खुडत असे. नवरा गेल्यावर तिने एकटीने मुलीला वाढवले. मुलीच्या अंगी कला आहे हे तिने सर्वांआधी ओळखले. तिने तिला खुशीने पाठवले नाही. आधी मारले, पुष्कळ मारले, आणि मग पाठवले.